गोळी घेतलीस का?

माझ्या बायकोच्या रक्ताच्या रिपोर्टात दोन आकडे एकमेकांशी भांडत होते आणि त्या भांडणात मी दीड वर्ष चुकीच्या बाजूनं उभा राहिलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझी बाजू घ्यायचे कष्ट कोणाला नकोत.

मी डिचोलीचा. खाण चालू होती तोवर वजनकाट्यावर कारकून होतो. मालानं भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, आकडा दिसायचा, तो मी पावतीवर लिहायचो. काम एवढंच, पण सत्तावीस वर्षं केलं की माणसाचा स्वभावच तसा होतो. भाडं वजनावर मिळायचं, मग ड्रायव्हर मंडळी काय काय करायची! रिकामा ट्रक तोलताना जादा टायर उतरवून ठेवायचे आणि भरल्यावर गुपचूप परत चढवायचे. एकदा तर दोन धट्टेकट्टे गडी सीटच्या मागं अंग चोरून बसलेले सापडले. पकडले गेले की सगळे देवाच्या, आईच्या, मुलांच्या शपथा घ्यायचे. मी शपथ ऐकतच नसे. आकडा बघत असे. शंका आली तर ट्रक नदीच्या धक्क्यावरच्या दुसऱ्या काट्यावर पाठवायचा. दोन काटे एकच आकडा सांगू लागले की माणसाचं काही ऐकायचं नाही, हा माझा नियम. तो नियम मी काट्यावरच ठेवून यायला हवा होता. पण खाण बंद पडली आणि मी त्याला घेऊन घरी आलो.

बायको माझी पार्श्या गावची. तिला थायरॉइड आहे, बारा-तेरा वर्षं झाली. शरीर आपल्याच थायरॉइडच्या ग्रंथीवर उठतं आणि तिला हळूहळू निकामी करतं, तो प्रकार. उपाय सोपा. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, पाण्याबरोबर. अर्ध्या तासानं चहा. आमच्या घरी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो तेव्हा तिची गोळी घेऊन झालेली असते, आणि पाव घरात येईपर्यंत चहा उकळायला लागलेला असतो. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि माझं कधी तिकडं लक्षही गेलं नव्हतं. शेजारणीचा नारळ गडगडत आमच्या परसात आला तरी आधी तो परत देऊन येणारी ही बाई. तिच्या गोळीवर पहारा बसवावा असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मग एका वर्षी रिपोर्ट आला आणि सगळं बिनसलं.

डिचोली बाजारातली आमची डॉक्टरीण तरुण आहे, मूळ बेळगावकडची. चांगली आहे, माझी तिच्यावर तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती माझ्यावरच्या तक्रारीहून कमी आहे. तिनं कागद समोर ठेवून मला समजावलं. एक आकडा टीएसएचचा. ती मेंदूकडून गळ्यातल्या ग्रंथीला जाणारी मागणी. हार्मोन कमी पडला की मागणी वाढते. दुसरा आकडा टी-फोरचा. तो प्रत्यक्ष माल, रक्तात फिरणारा हार्मोन. माल कमी तर मागणी जास्त, माल जास्त तर मागणी कमी. हिच्या कागदावर मागणीही चढलेली आणि मालही चढलेला. हे मला लगेच कळलं. धक्क्यावर मालाचे डोंगर पडलेत आणि तरी वरून फोन येतोय की माल पाठवा, माल पाठवा. असं कधी होतं? तर कोणीतरी लबाडी करत असतं तेव्हा.

डॉक्टरीणही जवळजवळ तेच म्हणाली, फक्त गोड शब्दांत. "काका, बऱ्याचदा पेशंट महिनाभर गोळ्या विसरतात आणि तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस भरपूर घेतात. टी-फोर लगेच वाढतो, टीएसएच खाली यायला मात्र आठवडे लागतात. मग असे रिपोर्ट येतात."

मी बायकोकडं बघितलं. ती डॉक्टरणीकडं बघत होती.

"मी रोज घेतंय," ती म्हणाली. "पोदेर येवच्या आदी घेतंय. एक दिस चुकाक नाय."

"बऱ्याचदा असं होतं म्हटलं मी, तुमचंच असं नाही," डॉक्टरीण म्हणाली. पण मी ते वाक्य ऐकलंच नाही. आकडा बघितल्यावर मला पुढचं ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाऱ्याला बसलो. गोळ्यांची बाटली माझ्या कपाटात. रविवारी सकाळी ती ताटलीत ओतायची, मोजायची, कॅलेंडरवर लिहायचं. सकाळी मी तिच्यासमोर उभा. गोळी तळहातावर, मग तोंडात, मग पाणी, मग "जीभ दाखव." हो, मी माझ्या बायकोला जीभ दाखवायला लावली. पहिल्या दिवशी ती हसली. आठवड्यानं हसायची थांबली. मला मात्र आपण फार मोठं कर्तव्य बजावतोय असं वाटत होतं.

दोन महिन्यांनी परत रक्त दिलं. दोन्ही आकडे वरच. मी कपाळावर हात मारला. गोळ्या मोजून बरोबर, जीभ बघून बरोबर, आणि रिपोर्ट मात्र चुकीचा! आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्यानं रिपोर्टावर संशय घेतला असता. मी काय केलं? मी दुसरा काटा शोधला. तिला घेऊन म्हापशाला गेलो आणि वेगळ्या लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. तिथलाही रिपोर्ट आला, आकडे जवळपास तेच. दोन काटे, एक आकडा. संपलं! माझ्या दृष्टीनं खटला तिथंच निकालात निघाला.

"मगे हो आकडो खयसून इलो?" मी तिला विचारलं.

"माका काय म्हायत? माज्या रक्तातसून इलो."

"रक्त खोटा बोलता?"

"मी बोलतंय?" ती म्हणाली आणि उठून आत गेली.

ही गोष्ट पार्श्याला तिच्या भावाच्या कानावर गेली. कशी गेली ते सांगत नाही, मीच फोनवर सांगितली. मला वाटलं, तो बहिणीला चार शब्द सुनावेल. तो शनिवारी मोटरसायकलनं डिचोलीला आला, ओसरीवर टेकलाही नाही.

"भावोजी, माजी भैण खोटा बोलाची नाय. तुमका खरा वाटणा नसात तर चला गावच्या देवळात. प्रसाद लावया. देव सांगात तसा."

आमच्याकडं ही रीत अजून आहे. लग्न, जागा, आजार, कसलीही अडचण देवापुढं मांडायची. गुरव मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे डोळे लावून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. देवापुढं शेतीचे प्रश्न जातात, सोयरिकीचे जातात. थायरॉइडचा प्रश्न नेणारे आम्ही पहिलेच असू. गुरवानं गाऱ्हाण्यात शब्द कसे बसवावेत म्हणून दोनदा विचारलं आणि शेवटी म्हणाला, "देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू गोळी घेता म्हणता. घेता जाल्यार उजवो दी."

देवळातला पंखा फिरत होता. दोन मिनिटांत उजवी पाकळी पडली. बायकोनं हात जोडले. तिच्या भावानं माझ्याकडं बघितलं. आणि मी, काट्यावरचा कारकून, म्हणालो, "पंख्याच्या वाऱ्यान पडली ती. पंखो बंद करून परत लावा."

गुरव माझ्याकडं वळला. "देव म्हंजे काय तुमच्या खाणीवरचो काटो आसा? परत परत चढवूक?"

पण त्यानं पंखा बंद केला. परत पाकळ्या लावल्या. या वेळी अर्धा तास गेला, घामानं सदरा अंगाला चिकटला, आणि पडली ती परत उजवीच. मग मी काय म्हटलं असेल? उजवीकडं पाणी कमी लावलं होतं, असं म्हटलं. मोठ्यानं नाही, परत येताना गाडीत, पण म्हटलं. देवानं दोनदा सांगितलं, मेहुण्यानं सांगितलं, बायको तर रोजच सांगत होती. पालथ्या घड्यावर पाणी! आज ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

एवढ्यात आणखी एक गंमत झाली. टी-फोर इतका वर राहिला तर हृदयाला धोका, धडधड वाढेल, म्हणून डॉक्टरणीनं गोळी कमी ताकदीची केली. आकड्यावर विश्वास ठेवला तर ते बरोबरच होतं. पण बायकोची धडधड काही वाढली नव्हती. ती उलट थंड पडत चालली होती. मे महिन्यात, डिचोलीच्या उकाड्यात, मी पंख्याखाली उघडा बसलेला आणि ही शाल घेऊन. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. बांगडे साफ करायला विळीवर बसली की तिथंच डुलकी लागायची आणि मांजर माशाच्या भोवती घुटमळायचं. जिना चढताना मध्येच भिंतीला टेकून उभी राहायची. आणि विसरायला लागली. गॅसवर दूध विसरायची, शेजारणीचं नाव विसरायची. यावर मी काय म्हणावं? "बघ, विसरतेस तू! तशीच गोळी विसरतेस!" हार्मोन कमी पडलेल्या माणसाची बुद्धी मंदावते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. डॉक्टरणीच्या खोलीतल्या भिंतीवर तसा तक्ताच लावलेला होता. मी त्याच्याखाली बसून ओरडत होतो.

तिसऱ्या खेपेला त्याच खोलीत ती बोलली. मी नेहमीप्रमाणं कॅलेंडर उघडून हिशेब दाखवत होतो, आवाज चढलेला होता. बाहेर बसलेले पेशंट पडद्याआडून डोकावत होते. बायको अचानक म्हणाली, "होय. नाय घेतंय मी. तुमची पाठ फिरली की तोंडातसून काढतंय आनी माडाच्या बुडात टाकतंय. झाला?"

मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला आनंद झाला. विजय झाल्यासारखं वाटलं. सीटमागं लपलेला माणूस सापडला की वाटायचं तसंच. डॉक्टरणीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि फाइलवर लिहिलं की पेशंटनं गोळ्या घेत नसल्याचं कबूल केलं आहे. मग म्हणाली, आता दोन महिने हीच गोळी नीट घ्या, मग बघू. घरी येताना मी बसमध्ये बायकोला चांगलं प्रवचन दिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि मला वाटलं, पश्चात्ताप होतोय.

पुढचे दोन महिने मी गोळी माझ्या हातानं तिच्या जिभेवर ठेवली. मग अर्धा तास तिच्या समोरच्या खुर्चीत बसून राहिलो, तिला उठूच दिलं नाही. न्हाणीत नाही, परसात नाही, माडाच्या बुडात तर नाहीच. पोदेर भोंपू वाजवून निघून जायचा आणि अर्धा तास संपला की पाव आणायला धावत रस्त्यावर मलाच जावं लागायचं. एकही गोळी चुकली नाही, हे मी कुठल्याही देवळात सांगू शकलो असतो.

रिपोर्ट आला. टीएसएच आधीपेक्षाही वर. टी-फोर तिथंच, उंच, अढळ.

आता मात्र माझी गाडी अडली. कारण आता साक्षीदार मीच होतो. तिच्यावर अविश्वास दाखवायचा तर आधी माझ्या बोटांवर दाखवायला हवा होता. मी चिडलो, म्हणजे सगळ्यांवर चिडलो. बाजारातल्या लॅबमध्ये जाऊन काउंटरवर कागद आपटला. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, आम्ही फक्त रक्त काढतो. टेस्ट बाहेर मोठ्या लॅबमध्ये होते." कुठल्या लॅबमध्ये, असं विचारलं. तिनं नाव सांगितलं. मी खिशातून म्हापशाचा जुना रिपोर्ट काढला. खाली बारीक अक्षरांत तेच नाव होतं. दोन्ही दुकानांतून रक्त एकाच मोठ्या लॅबमध्ये, एकाच मशीनवर जात होतं. ज्यांना मी दोन काटे समजत होतो तो एकच काटा होता, आणि त्याच्यावर एकच ट्रक मी दोन रस्त्यांनी चढवला होता. एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या काट्यावर केस पांढरे केलेल्या माणसाला दिसली नाही.

डॉक्टरणीनं हात टेकले आणि आम्हाला पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात हार्मोनच्या तज्ज्ञांकडं पाठवलं. ते वयानं माझ्याएवढेच. त्यांनी फाइल वाचली, कबुलीचं वाक्य वाचलं आणि विचारलं, "गोळी कशी घेता?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं," ते म्हणाले. "त्यांना बोलू द्या."

दीड वर्षात तिच्यासाठी हे वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी बोललं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, रोज घेते, कधी चुकवली नाही. त्यांनी मान डोलावली, नाडी बघितली, सुजलेल्या पायावर बोट दाबलं, घोगरा आवाज ऐकला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. "तुमचं अंग सांगतंय की हार्मोन कमी आहे. टीएसएचही तेच सांगतोय. मग एकटा टी-फोर वेगळं का बोलतोय ते बघू." आणि त्यांनी रक्त वेगळ्या पद्धतीच्या मशीनवर पाठवलं.

दोन आठवड्यांनी निकाल आला. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. आपलं शरीर रोगजंतूंशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. हिच्या शरीराची प्रतिपिंडं आधीच थायरॉइडच्या ग्रंथीवर उठली होती. त्यांतली काही पुढं त्या हार्मोनलाच चिकटायला शिकली. आधीच्या लॅबच्या मशीनमध्ये टी-फोर मोजताना खूण लावलेला टी-फोरसारखा पदार्थ घालतात आणि तो मशीनच्या सापळ्यात किती अडकतो ते बघतात. रक्तात खरा हार्मोन जास्त असेल तर तो जागा अडवतो, खुणेचा माल कमी अडकतो. हिच्या बाबतीत खुणेचा माल हिच्या प्रतिपिंडांनीच मधल्या मध्ये पकडून ठेवला. सापळ्यात कमी अडकला. मशीनला वाटलं, रक्तात हार्मोन खूप आहे. दुसऱ्या पद्धतीत रक्त आधी धुऊन काढतात आणि मग खुणेचा माल घालतात, म्हणून तिथं ही फसगत झाली नाही. तिथं टी-फोर कमी निघाला. चांगलाच कमी.

"म्हणजे मशीन बिघडलं होतं?" मी विचारलं.

"मशीन उत्तम होतं. शंभर पेशंटांत बरोबर सांगेल. यांच्या रक्तात मात्र फसणार."

"आणि ही गोळ्या..."

"या रोज घेत होत्या. फक्त गोळी वाढवायची होती आणि आपण सगळ्यांनी मिळून ती कमी केली."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता, आणि मी फासाखाली उभा राहून दोर ओढत होतो. माझ्या तोंडातून माफीचा शब्द यायला हवा होता. आला काय? "मगे तू कबूल कित्याक केलंस?" दीड वर्षाची सवय, दुसरं काय! तिथंही मी तिलाच जाब विचारला.

ती माझ्याशी बोललीच नाही. डॉक्टरांना म्हणाली, "तेंचा बीपी वाढता, डॉक्टर. माज्यार आरडान आरडान तोंड लाल जाता, हात कापतत. त्या दिसा तुमच्यासारक्याच खोलयेत तेंका घेरी येता की काय असा माका दिसला. म्हटला, हो म्हणतंय. माजा काय, मी थंड पडलेलीच आसय."

डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. पंप दाबला. काटा बघितला आणि परत एकदा बघितला. "बरंच वाढलंय की. बीपीची गोळी चालू आहे?"

"चालू आहे."

"रोज घेता?"

आता खरं सांगतो. सकाळी तिची गोळी, तिची जीभ, तिचा अर्धा तास यांत माझी गोळी कितीतरी दिवस राहून जात होती. त्या आठवड्यात तर मी ती घेतलीच नव्हती.

"रोज घेतो," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान हलवली आणि फाइलवर तसं लिहून टाकलं. त्यांनी पाकीट मागितलं नाही, कॅलेंडर मागितलं नाही, रक्त मागितलं नाही. मी सांगितलं आणि त्यांनी मानलं, इतकं ते सोपं होतं. बायको रिपोर्ट पिशवीत भरत होती. तिला सगळं ठाऊक होतं. माझ्या गोळ्यांची पाकिटं तीच आणते. तिनं मान वर केली नाही, रिपोर्ट भरत राहिली.

बाहेर बसथांब्यावर आम्ही बाकावर बसलो. तिनं पिशवीत हात घातला, माझ्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी फोडून माझ्या हातावर ठेवली आणि पाण्याची बाटली उघडून दिली. मी गोळी तोंडात टाकली तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती, डिचोलीची बस येते का ते बघत होती.